सातनंतरची जाहिरात

"तिले काय इचारी राहिनी? ती बोलसच नही."

सोनगीरच्या काकू माझ्याकडे पाठ करून अक्कांना म्हणाल्या. अक्कांनी मला एवढंच विचारलं होतं, की आज थंडी जास्त आहे का. मी मान हलवली होती. माझ्या मते ते उत्तर होतं.

धुळ्यात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये रोज सकाळी साडेसहाला आठ-दहा बायका व्यायामाला जमायच्या. कुणी स्वेटरवर स्कार्फ गुंडाळलेली, कुणी मोजे घालून चपलेत. मला आईने जवळजवळ ओढूनच नेलं होतं. कॉलेज संपलं होतं, काम घरूनच लॅपटॉपवर चालायचं, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे मी भिंतीसारखी होत चालले होते. मी शेवटच्या रांगेत उभी राहायचे. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात, आपली कुणाला दिसत नाही.

शिकवायला मोबाइल होता. काकूंच्या पितळी तांब्याला टेकवून तो मंदिराच्या ओट्यावर उभा करायचा, शेजारी कुणाच्या तरी नातवाचा स्पीकर. फुकटच्या व्हिडिओतला एक हसतमुख माणूस हिंदीत व्यायाम सांगायचा. दोन्ही हात कानांना लावून सरळ वर, आता तीस मोजेपर्यंत असंच थांबायचं. तो मोजायला लागायचा. सातवर पोचला की जाहिरात.

रोज सातवरच. आणि आवाज दुप्पट. हात वर केलेल्या दहा बायकांच्या अंगावर एकदम कुणीतरी गृहकर्ज घेऊन धावून यायचा. कधी दोन जाहिराती पाठोपाठ, आणि त्या बंद करायला बटणच नसायचं. बटण असेल तेव्हा थंडीने गारठलेलं बोट ते दाबू शकायचं नाही. एकदा काकूंचं बोट भलतीकडेच पडलं आणि घोरणं थांबवणाऱ्या पट्ट्यांचं दुकान उघडलं. ते बंद करता येईना. पुढचा आठवडाभर मोबाइल काकूंना घोरण्याबद्दलच विचारत होता.

"याले कसं समजनं, आमना हाई घोरतस म्हणून?" काकू म्हणाल्या. 'हाई' म्हणजे त्यांचे यजमान. आम्ही हात खाली टाकून हसत बसलो. व्यायाम तिथेच संपला.

पैसे भरले तर जाहिराती येत नाहीत, हे मी आईच्या कानात सांगितलं होतं, आईने सगळ्यांना. त्यावर काकू म्हणाल्या, "हात आपला, पाय आपला, आन पैसा त्याले?" विषय मिटला. मग बायका जाहिरातींना उत्तरं द्यायला लागल्या. दातांना थंड-गरम लागतं का, असं एक देखणा माणूस विचारायचा. "थांब रे भो, आपले दातच नहीत!" असं कवळीवाल्या एक आजी रोज न चुकता म्हणायच्या, आणि आम्ही रोज न चुकता हसायचो.

अक्का मात्र या हसण्यात अर्ध्याच असायच्या. शाळेत शिपाई असताना त्यांनी वर्षानुवर्षं ज्या हाताने घंटा दिली, तो उजवा हात खांद्यात आखडला होता. स्वतःचा अंबाडा स्वतः बांधता येत नव्हता. सून बांधून द्यायची, पण तिने बांधलेला अंबाडा दुपारपर्यंत मानेवर उतरायचा. "माले मना अंबाडा मना हातनी बांधना शे," एवढंच त्यांचं मागणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात वर न्या, थांबवा, पण खाली आणताना हळू. झटका नको. आणि जाहिरात झटक्यानेच यायची.

एका सकाळी ती आली, अक्का दचकल्या आणि हात धाडकन खाली आला. त्या मटकन ओट्यावर बसल्या. डोळ्यांत पाणी. जाहिरात बिस्किटांची होती.

दोन दिवस त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या शाल घेऊन. "आते बस झायं," त्या म्हणाल्या. "मना अंबाडा सूनच बांधी. मी नुसती बसस."

मला ते लागलं, कारण सातनंतरचं मला येत होतं. जाहिरात सुरू झाली की मी मनातल्या मनात आठपासून तीसपर्यंत मोजायचे, इंग्रजीत. मोठ्याने मोजण्याची हिंमत नव्हती. लहानपणी जामनेरला मामांकडे हाउजी खेळताना आकडे पुकारायचं काम माझ्याकडे आलं होतं. आमच्या शाळेत सगळं इंग्रजीत. सुरुवातीचे आकडे ठीक गेले, मग २९ निघाला आणि मी ठणकावून म्हणाले, "नऊवीस!" मामेभाऊ अजून मला नऊवीस अशीच हाक मारतात. तेव्हापासून चार माणसांत मी मराठी आकडा तोंडातून काढलेला नाही.

त्या दिवशी हात वर गेले. मोबाइलवाला मोजायला लागला. मागून मला दिसलं, ओट्यावर बसलेल्या अक्कांनी शाल बाजूला सारली होती आणि हळूहळू उजवा हात वर नेत होत्या, चोरून, कुणी पाहू नये अशा. हात कानापर्यंत गेला. कोपर वाकलं. बोटं मागे सरकली आणि अंबाड्याला टेकली. मी महिनाभर त्यांना पाहत होते, एवढा हात कधी गेला नव्हता.

"छह, सात," मोबाइल म्हणाला, आणि केसांच्या तेलाची जाहिरात किंचाळली. सगळ्यांचे हात खाली. अक्कांचा चेहरा आक्रसला, खांदा थरथरला.

"अक्का, हात नका सोडू! आठ! नऊ!"

आवाज माझाच होता. दहा बायका मागे वळल्या. आई तर तोंड उघडं ठेवून. मी थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते, म्हणून थांबले नाही. "दहा, अकरा," आणि एकेक करून सगळ्यांचे हात परत वर गेले. तेलवाली बाई केस उडवत होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या, बोटं अंबाड्यावर.

"सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस..."

पुढचा आकडा आला नाही. दहा बायका हात वर करून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या.

"बोल ना वं माय," काकू ओरडल्या, "हात गळी पडतीन!"

"नऊवीस!" मी म्हणाले. "तीस! अक्का, आता खाली. हळू. अजून हळू."