दोन नावांची रहिवासी

हे गेल्यापासून सहा वर्षं मी लेकीकडे दुबईला व्हिजिट व्हिसावर येत होते. साठ दिवस संपत आले की बॅग भरायची. नातू विचारायचा, "आजी, व्हेन आर यू गोइंग?" पोराच्या मनात काही नसायचं, पण मला ते झोंबायचं. शेवटी पुण्याचा फ्लॅट विकला आणि दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात, लेकीच्या समोरच्याच टॉवरमध्ये, माझ्या नावावर एक छोटं घर घेतलं. आता रिटायरमेंट व्हिसा काढायचा आणि इथे ताठ मानेनं राहायचं, एवढंच ठरवलं होतं.

घोडं अडलं ते नोकरीच्या दाखल्यावर. पंधरा वर्षं नोकरी केल्याचा पुरावा लागतो. माझ्याकडे एकतीस वर्षांचा होता, पण माहेरच्या नावाचा. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. नुसतं आडनाव नव्हे, मी अख्खीच बदलले. ऑफिसात मात्र हट्टानं जुनंच नाव चालू ठेवलं. सासूबाई महिनाभर फुगून बसल्या होत्या. त्यामुळे पासपोर्टवर मी सासरची आणि दाखल्यावर माहेरची.

फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या माणसानं दोन्ही कागद पाहिले. "मॅडम, ये दूसरी औरत कौन है?"

"मैं ही हूँ!"

"ऐसे नहीं चलेगा. रिजेक्ट होगा."

माझ्या व्हिजिट व्हिसाचे बारा दिवस उरले होते. जावई भला माणूस. म्हणाला, "आई, कशाला टेन्शन घेता? मी स्पॉन्सर करतो तुम्हाला, डिपेंडंट म्हणून." मला रडूच आलं. एकतीस वर्षं स्वतःचा पगार घरी आणला आणि आता डिपेंडंट? "नको," मी म्हटलं, "मी स्वतः जाऊन सांगते." लेकीनं कपाळावर हात मारला.

पासपोर्ट काढताना नावातला बदल गॅझेटात छापून घेतला होता. मी कागद फेकत नाही, म्हणून तो फाइलमध्ये सापडला. त्याचं अरबी भाषांतर करून घेतलं आणि सरकारी काउंटरवर जाऊन बसले. समोर तिशीतली एक अमिराती अधिकारी होती. ती एकदा पासपोर्ट बघे, एकदा दाखला.

"नाव का बदललं?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"आमच्याकडे लग्नात बदलतात."

"स्वतःचं पहिलं नावसुद्धा?"

"हो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला तीन मुलं आहेत," ती म्हणाली, "पण माझ्या नावापुढे अजून वडिलांचंच नाव आहे. आमच्यात बाई ते सोडत नाही."

"मीही ऑफिसात नाही सोडलं."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या तोऱ्यात बोलले. एरवी त्या नावाबद्दल मी कायम सारवासारवच करत आले होते. ती हसली. दाखला आणि गॅझेटचं भाषांतर एकावर एक ठेवून तिनं स्टेपलर मारला. "खलास! वन लेडी."

मग मेडिकल झालं, बोटांचे ठसे झाले आणि पाच वर्षांचं कार्ड माझ्या हातात पडलं. मला इतका आनंद झाला की पार्किंगमध्येच मी लेकीला घट्ट मिठी मारली.

"चल आई, घरी जाऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "आज तुझ्या आवडीचं करते."

"काही नको. तुम्ही तिघं संध्याकाळी माझ्याकडे जेवायला या," मी म्हटलं. "आणि येण्याआधी फोन करा."