रंग हललेला हत्ती
मुलीसाठी आणलेलं चित्रांचं पुस्तक उघडलं, ताज्या शाईचा वास आला आणि मी थेट कुरुळीच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत पोचले. बाबा तळवड्याला छापखान्यात मशीनवर होते; रंग हललेले, म्हणजे छापताना रंग एकमेकांवर नीट न बसल्यामुळे वाया गेलेले कागद ते आमच्या वह्यांना कव्हर घालायला आणायचे. त्या दिवशी त्यांनी सतरंजीएवढा कागद जमिनीवर पसरला आणि मी किंचाळलेच: सायकलवर हत्ती, शेजारी उलटा हत्ती, पलीकडे उलटे ढग! धाकटी बहीण समोरच्या बाजूला बसली, तर तिला माझं उलटं सगळं सुलट दिसायला लागलं. बाबांनी हसत तीन घड्या घातल्या, कडा कापल्या, आणि पानं सरळ होऊन चक्क गोष्ट सुरू झाली! हत्ती ढगावर चढला आणि पानं संपली. "पुढचं दुसऱ्या कागदावर हाय," बाबा म्हणाले. "मग तो कधी खराब होणार?" मी विचारलं. "असं बोलू नये पोरी, मशीन आपली लक्ष्मी." तरी आम्ही दोघींनी गुपचूप देवापुढे हात जोडले. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर बाबा आले ते बगलेत गुंडाळी धरून, गल्लीच्या टोकापासून ओरडत, "खराब झाला गं पोरींनो, खराब झाला!" आता मुलगी म्हणतेय, "आई, पुस्तक उलटं धरलंयस." माहितीये, राणी. आधी असंच बघायचं असतं.