नानांची डावी बाही

रक्तपेढीच्या दारातूनच नाना डावी बाही वर सरकवत आत यायचे. "घ्या, आपलं कोनलेबी चालस!" अंगात बँडचा लाल कोट असला की पंचाईत. बाही कोपराशी अडायची आणि आमची सिस्टर हसत सुटायची. एकदा तर वरात चौकात थांबवून आले. नवरदेव घोड्यावर आणि ट्रम्पेटवाला आमच्या खाटेवर!

तेव्हा धुळ्यात निगेटिव्ह रक्त मिळायची मारामार. नानांचं ओ निगेटिव्ह. नवा माणूस भेटला की ते नावाआधी रक्तगट सांगायचे. मिरवायचे थोडे, पण तुम्हीच सांगा, रक्त देऊन मिरवणाऱ्याला कोण बोलणार?

शिरपूरकडची एक निगेटिव्ह बाळंतीण त्यांच्या बाटलीवर वाचली. तिने पुढे राखी बांधली. नानांनी बारशाला फुकट बँड वाजवला. "रगतनी बहीन शे मन्ही," असं गावभर सांगत सुटले.

मग आमच्याकडे रक्तगट तपासायचं नवं सीरम आलं. रक्तपेशीवर एक खूण असते. सीरममधली अँटीबॉडी ती पकडते आणि रक्ताचे दाणे धरतात. दाणे धरले की पॉझिटिव्ह. नानांच्या पेशींवर ही खूण इतकी विरळ होती की जुन्या सीरमला ती कधी सापडलीच नव्हती. या वेळी नळीत बारीक दाणे दिसले. मी पुन्हा करून पाहिलं. तेच.

नाना खाटेवर बाही सरकवून बसलेच होते. मी सांगितलं.

"मंग मन्ही बहीन?"

तिला पुन्हा दिवस गेले होते. या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तिच्या अंगात अँटीबॉडी तयार झाली असेल, तर ती पोटातल्या बाळावर उठू शकते, हे मला सांगावंच लागलं. "चूक आमच्या तपासणीची, नाना." ते खरं होतं, पण लाज त्यांनी घेतली. कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा चेहरा करून त्यांनी बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

बहिणीला आम्ही सगळं सांगून तपासलं. नाना बाहेर लिंबाखाली उभे, आत येईनात. अँटीबॉडी नव्हती. मी पळत जाऊन सांगितलं.

"देव पावना," ते म्हणाले.

"आता पॉझिटिव्हवाल्यांना द्या की."

"पॉझिटिव्ह तर बठ्ठं, सारं गाव शे, भाऊ."

त्यानंतर ते रक्तपेढीत आले नाहीत.

दुसऱ्या बारशाला मलाही बोलावणं होतं. भर मे महिना, सगळे घामाघूम. नाना मांडवाच्या कडेला उभे होते. बहिणीने त्यांना हाताला धरून पुढे आणलं, बाळ मांडीवर दिलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "मन्हा आंगमा या भाऊनं रगत शे."

नानांनी मान खाली घातली. बाळाला सावरत त्यांनी डाव्या बाहीचं बटण चाचपून पाहिलं. ते लावलेलंच होतं.