गळ्यातली हाक

स्टुडिओच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक लांबट खोली होती. मालिकांना लागणाऱ्या खोट्या वस्तू तिथे तयार व्हायच्या. थर्माकोलचे दगड, रबराचे चाकू, साखरेच्या पाकाच्या काचा. तिथला कारागीर हाताचा कसबी होता आणि काळजाचा ससा. कुठलीही वस्तू हातावेगळी करताना तो म्हणायचा, "पण हे डोळ्यात गेलं तर? तापलं तर? पायात आलं तर?" म्हणून सगळे त्याला धास्तराव म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे. कामावर निघताना तो सवयीने दाराला बाहेरून कुलूप लावायचा, ते ओढून बघायचा, आणि आतून बायको ओरडायची, "अहो, मी आतच आहे की! मला कोंडून चाललात होय?"

हसण्यावारी जाणारी ही भीती एकदा मात्र अंगाशी आली. आगीचं दृश्य चालू होतं. एका नटाची बाही पेटल्यासारखी त्याला दिसली आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, "थांबा! विझवा!" सगळं थांबलं, विझवलं. बाहीवर नुसता दिव्याचा उजेड होता. जळलेला सेट पुन्हा उभारावा लागला. दिग्दर्शक त्याच्याजवळ आले, आवाजही न चढवता म्हणाले, "धास्तराव, पुन्हा शॉट चालू असताना तोंड उघडलंत, तर सामान आवरून घरी जायचं." ते ओरडले असते तर त्याला कमी भीती वाटली असती.

त्यानंतर नवी मालिका आली. दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावर जमिनीच्या पोटात खाणी आहेत, माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात, अशी गोष्ट. या माणसांना एकमेकांशी बोलायला अंगावर घालायचं काहीतरी यंत्र हवं होतं. ते ठरवायला दिग्दर्शक आणि मालिकेच्या लेखिकाबाई पत्र्याच्या खोलीत येऊन बसले.

"मनगटावर नको," लेखिकाबाई म्हणाल्या. "हात कामात असतात, चिखलात असतात. कानात नको, डोक्यावर शिरस्त्राण आहे. गळ्यात घालू. गळ्याची थरथरच ते यंत्र टिपतं. माणूस नुसता पुटपुटला तरी वर ऐकू जातं."

धास्तरावच्या हाताने आपोआप स्वतःचा गळा चाचपला. "गळ्यात म्हणजे... अडकलं बिडकलं तर?"

"झालं यांचं सुरू!" दिग्दर्शक हसले.

यंत्र मात्र त्याने मन लावून केलं. चामड्याची दोन बोटं रुंद पट्टी, आतून मखमल, समोर जुन्या ट्रान्झिस्टरची गोल जाळी, जाळीमागे एवढासा निळा दिवा. बोट दाबून धरलं की दिवा लागायचा, सोडलं की विझायचा. पट्टी मानेमागे टिचबटणाने बंद व्हायची. जरा हिसका बसला की टचकन सुटेल, हा त्यामागचा हिशेब.

नावाचं घोडं मात्र पेंड खात होतं. दिग्दर्शकांना भारदस्त नाव हवं होतं. त्यांनी सुचवलं, "कंठध्वनिक्षेपक." लेखिकाबाई म्हणाल्या, "हे नाव म्हणून होईपर्यंत नायिका बुडून जाईल. घाबरलेल्या माणसाला एका दमात म्हणता आलं पाहिजे." मग कंठी झालं, गळबोल झालं, बोलपट्टी झालं. गळबोल ऐकून लाइटवाला म्हणाला, "हे औषधाचं नाव वाटतंय, खोकल्याच्या."

त्या संध्याकाळी धास्तराव घरी पट्टीच्या शिवणीत डोकं घालून बसला होता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मघापासून हाका मारतेय. एक तरी पोचली का तुमच्यापर्यंत?"

धास्तरावने वर बघितलं. "काय म्हणालीस?"

"म्हणजे ही पण नाही पोचली!"

दुसऱ्या दिवशी त्याने हे सगळं सांगितलं आणि लेखिकाबाईंनी टेबलावर हात आपटला. "हाक! बस, ठरलं. 'हाक लाव', 'हाक पोचली', 'हाक तुटली'. काही समजावून सांगायलाच नको." घरी त्याने ही बातमी दिली तेव्हा बायको म्हणाली, "चला, कुणाला तरी ऐकू गेलं."

चित्रीकरण सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात धावण्याच्या दृश्यात नायिकेची हाक गळून पडली. पुन्हा घेतलं, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा दिग्दर्शकांनी ती उचलून धास्तरावच्या हातात ठेवली. "हे टिचबटण काढा आणि सरळ बकल लावा."

"साहेब, बकल ओढून सुटत नाही."

"सुटू नये म्हणूनच लावायचं आहे."

धास्तराव आणखी बोलणार होता. पण त्याला घर आठवलं, आगीच्या दृश्यानंतरचा दिग्दर्शकांचा तो शांत आवाज आठवला. त्याने बकल लावलं.

पुढे पाण्याचं दृश्य आलं. खाणीत पाणी भरतंय, नायिका लोखंडी जाळीमागे अडकली आहे, हाक दाबून वरच्यांना बोलावते आहे, आणि पाणी हनुवटीला लागल्यावर जाळी ढकलून बाहेर पडते. त्यासाठी समोरून काच असलेली मोठी टाकी बांधली होती. टाकीला पाणी भरणारा जाडजूड पाइप होता आणि चढउतार करायला लोखंडी शिडी. धास्तराव सकाळपासून टाकीभोवती घिरट्या घालत होता. जाळीच्या कडा त्याने बोट फिरवून बघितल्या, कानशीने घासल्या. नायिका टाकीत उतरताना म्हणाली, "काका, तुमचा चेहरा बघून मलाच भीती वाटायला लागली. जरा हसा ना!" तो हसला. ते हसू कुणाला हसू वाटलं नसतं.

शॉट सुरू झाला. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. नायिकेने हाक दाबली, निळा दिवा लागला. "हाक पोचतेय का? मला वर घ्या! मला वर घ्या!" आवाज असा कातर की कॅमेरावाल्याच्या अंगावर काटा आला. ती मागे सरकून जाळीला पाठ लावून उभी राहिली. पाणी खांद्यावर चढलं.

सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. धास्तराव हाकेकडे बघत होता. आपण केलेली वस्तू कॅमेऱ्यात कशी दिसते हे बघायची त्याची सवय. दिवा विझला. "मला वर घ्या!" ती पुन्हा ओरडली, पण दिवा लागला नाही. तिचे दोन्ही हात मानेमागे गेले होते.

बकलाची जीभ जाळीत अडकली होती.

"काय काम करतेय पोरगी!" कुणीतरी कुजबुजलं. दिग्दर्शक कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यासमोर ओणवे झाले होते, त्यांचे डोळे भरून आले होते. शब्द सगळे ठरलेलेच होते. मला वर घ्या. कुणी ऐकतंय का. मला वर घ्या. कागदावर लिहिलेलं ती जसंच्या तसं म्हणत होती, आणि पाणी तिच्या ओठांना लागलं होतं.

धास्तरावने ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. तिच्या जिवाच्या भीतीने की दिग्दर्शकांच्या, हे त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही. पुन्हा बाहीसारखंच निघालं तर? ती खरंच अभिनय करत असली तर? या 'तर'मध्ये एक क्षण गेला. मग त्याचे पाय आपोआप चालायला लागले. तो सरळ कॅमेऱ्यासमोरून, भर उजेडातून, टाकीकडे गेला.

"अरे, कोण आहे तो! बाजूला व्हा!" मागून आरडाओरडा झाला. तो शिडी चढला. वरून त्याने पाण्यात हात घातले तेव्हा नायिकेचं तोंड पाण्याखाली गेलं होतं. भिजून चामडं फुगलं होतं, बकल जागचं हलेना. एप्रनच्या खिशात कटर होता. त्याने डाव्या हाताची दोन बोटं पट्टी आणि मान यांच्यामध्ये घुसवली, म्हणजे पातं घसरलं तर बोटांत जाईल, आणि उजव्या हाताने कापायला सुरुवात केली. पाण्यात लाल धागा तरंगला. रक्त कुणाचं, हे कळायलाही त्याला वेळ नव्हता. पट्टी तुटली. नायिका उसळून वर आली आणि शिडीला मिठी मारून खोकत राहिली. पाइप बंद करा, पाइप बंद करा, असा एकच गलका झाला.

रक्त त्याच्याच बोटांचं होतं. नायिकेच्या गळ्याभोवती नुसता काळानिळा वळ उठला होता. तिला घोंगडीत गुंडाळून खुर्चीवर बसवलं. दिग्दर्शक पांढरेफटक पडले होते. तिच्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "आधीचं... धास्तराव मध्ये येईपर्यंतचं... ते ठेवलं तर चालेल?"

प्रश्न धास्तरावला नव्हता. नायिका घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ठेवा. मला ते परत करायला लावू नका म्हणजे झालं."

तो भाग लागला त्या दिवशी धास्तरावच्या बायकोने टीव्ही लावला. "मला वर घ्या!" ऐकू आलं तसा तो उठून जिन्यात जाऊन बसला. पण बाकीच्यांना तो भाग वेड लावून गेला. दुकानांत, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी त्याचीच चर्चा. नायिका काय रडली, काय ओरडली! मालिकेला कधी नव्हे एवढे प्रेक्षक मिळाले.

आणि मुलं हाक हाक खेळायला लागली.

धास्तरावला हे कळलं ते त्याच्याच इमारतीत. तो कामावरून येत होता. जिन्याच्या वळणावर शेजारणीची धाकटी मुलगी कठड्याला पाठ लावून उभी होती. गळ्यात पुठ्ठ्याची गोल चकती, चकतीला निळा रंग, आणि ती चकती नायलॉनच्या दोरीने मानेमागे बांधलेली. दोरीचं दुसरं टोक कठड्याच्या गजाला. "मला वर घ्या!" ती आनंदाने किंचाळली.

धास्तराव उरलेल्या पायऱ्या धावत चढला. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. दोरीची गाठ नखांनी सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. मुलगी घाबरून रडायला लागली. तिची आई धावत बाहेर आली. "अहो, काय करताय काय तुम्ही? खेळत होती ती!"

"गळ्यात नको," तो एवढंच म्हणू शकला. "ताई, गळ्यात नको."

त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो दिग्दर्शकांच्या खोलीत गेला. न बोलावता त्या खोलीत तो पहिल्यांदाच गेला होता. लेखिकाबाई आणि नायिका तिथेच बसल्या होत्या. त्याने जिन्यातलं सगळं सांगितलं. दिग्दर्शकांनी कपाळ चोळलं. "धास्तराव, एवढ्या भागांत लोकांनी हाक गळ्यात बघितली आहे. आता मध्येच मनगटावर आणायची म्हणजे पोरखेळ वाटेल."

"पोरांचाच खेळ आहे, साहेब," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण फुटला होता. "तुम्ही मला काढून टाका. पण बघा, आज ना उद्या एखादं..." वाक्य त्याच्याने पुरं झालं नाही.

मग नायिकेने गळ्याभोवतीचा रुमाल सोडला. वळ अजून पुरता गेला नव्हता. "मी गळ्यात घालणार नाही," ती म्हणाली. "माझ्या पात्रालाही तसंच वाटेल ना? हाक जाळीत अडकूनच ती बुडत होती, असं दाखवा. ती परत गळ्यात कशी घालेल?"

लेखिकाबाईंनी लगेच पेन उचललं.

पुढच्या भागात नायिका खाणीतल्या सगळ्यांसमोर उभी राहून हाक मनगटावर बांधते आणि म्हणते, "गळ्यातली हाक माझा जीव घेता घेता राहिली. तुम्हीही उतरवा." एकेक जण उतरवतो. मनगटाच्या हाका धास्तरावने केल्या. टिचबटणाच्या केल्या, आणि या वेळी त्याला कुणी काही विचारलं नाही. उलट आता कुठलीही वस्तू सेटवर आली की दिग्दर्शकच म्हणायचे, "आधी धास्तरावांना दाखवा." त्याने 'ठीक आहे' म्हटलं की माणसं बिनधास्त पाण्यात उतरायची, कड्यावर चढायची. पूर्वी त्याच्या भीतीला कुणी विचारत नव्हतं तेव्हा तो निदान रात्री झोपायचा. आता 'ठीक आहे' म्हटल्यावरही तो ती वस्तू पुन्हा पुन्हा तपासायचा, आणि घरी आल्यावर तो बायकोला विचारायचा, "मी बरोबर बघितलं असेल ना?"

"बघितलं असेल," ती म्हणायची. "जेवा आता."

मुलांच्या हाका हळूहळू मनगटावर आल्या. शेजारणीच्या मुलीने त्याच्याकडून एक मागून घेतली, खऱ्या निळ्या दिव्याची. तरी रस्त्याने जाताना धास्तरावची नजर अजून मुलांच्या गळ्याकडेच जाते. एकदा बायकोबरोबर बाजारात असताना त्याने हातातली पिशवी खाली टाकली आणि गर्दीत घुसला. पलीकडच्या फुटपाथवर एक मुलगी चालली होती, गळ्यात दोरी आणि पुठ्ठ्याची चकती. गाड्या मध्ये आल्या. तो रस्ता ओलांडेपर्यंत ती दिसेनाशी झाली.

"कोण होती?" बायकोने मागून येऊन विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "तिने पुढचा भाग बघितलेला नाही."