होडीतलं सावधान

त्र्यंबकेश्वरच्या स्टँडबाहेर आम्ही ट्रकमधून उतरलो, तेव्हा चहावाल्यानं आमच्या खाकी गणवेशाकडे पाहून विचारलं, "दर्शनाला आल्या का, पोरींनो?"

"नाही काका, डोंगर चढायला आणि होडी वल्हवायला."

"ते कशापायी?"

आठ जणींपैकी एकीलाही पटकन उत्तर सुचलं नाही.

ही नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. नाशिकच्या आमच्या कॉलेजातून मुलींच्या छात्रसैनिक तुकडीला पहिल्यांदाच अशा मोहिमेवर पाठवलं होतं, तेही तुकडीचं काम पाहणाऱ्या मोरे सरांच्या मनाविरुद्ध. त्यांनी अट घातली होती. पहिल्या दिवशी डोंगर ओलांडून वैतरणेच्या धरणाचं पाणी गाठायचं, दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत होड्या वल्हवत धरणाच्या भिंतीपाशी पोचायचं. आठच्या आठ जणींनी. एक जरी जीपमधून आली, तर पुढच्या वर्षी मोहिमेला मुलींची तुकडी नाही. आणि तुकडीची नायक कोण? मी! मखमलाबादच्या मळ्यात टोमॅटोचे वेल बांधत वाढलेली, वर्गात सगळ्यांत तिखट जिभेची.

चढाला वाळलेलं गवत गुडघ्याला लागत होतं आणि नवे बूट टाचा सोलत होते. कळवणची रंजना मात्र दोन सॅक पाठीवर घेऊन पुढे. "डोंगरात मला कोण हरवतंय?" ती म्हणाली. पाण्याविषयी ती दिवसभरात चकार शब्द बोलली नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पाण्याजवळच्या पाड्यावर (आदिवासी वस्तीवर) शाळेच्या ओट्यावर मुक्काम केला. शेजारच्या घरातल्या जनाबाईंनी नागलीच्या (नाचणीच्या) गरम भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. मी तीन भाकरी खाल्ल्या. लाज वाटली, पण चौथीही घेतली.

सकाळी तिथे आधीच आणून ठेवलेल्या दोन्ही होड्या पाण्यात उतरवल्या, एकेकीत चौघी. काठापासून जेमतेम वीस हात गेलो असू, तोच काठावर जीप थांबली आणि मोरे सर उतरले. आता काय सांगू! दोन वर्षांची परेड अंगात मुरलेली. साहेब दिसले आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "सावधान!"

आमच्या होडीतल्या चौघीही ताठ उभ्या राहिल्या. मीसुद्धा. पुढच्या क्षणाला होडी उलटी आणि आम्ही पाण्यात.

लाइफ जॅकेटं होती म्हणून निभावलं. पिठाची पिशवी भिजली, एक वल्हं खडकात अडकून मोडलं. काठावर जनाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अगं, नावंत उभं कोण ऱ्हातं? बसायचं असतंय!"

सर हसले नाहीत. "जीप आहे," एवढंच म्हणाले.

आमच्याच होडीतली रंजना काठावर लाइफ जॅकेट घट्ट धरून बसली होती. "मी नाही येणार. मला पोहता येत नाही. तुम्ही जा, मी जीपनं येते."

एरवी मी तिला भित्री म्हटलं असतं, दोन शब्द सुनावलेही असते. पण बुडवलं होतं कुणी? मीच ना! मी तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकले. "रंजना, चूक माझी. तुझी नाही. तू नाही आलीस तर मीही जीपमध्ये बसते."

ती नाक पुसत म्हणाली, "पुन्हा उभी राहा म्हणालीस तर तुलाच पाण्यात ढकलीन."

"ढकल!"

जनाबाईंनी घराच्या कुडाच्या भिंतीतली बांबूची एक कामटी ओढून दिली. मी ती मोडक्या वल्ह्याला लावली आणि आमच्या मळ्यात टोमॅटोच्या मांडवाला मारतात तशी सुतळीची गाठ मारली, ओली करून, दातानं आवळून. सरांनी वल्हं हातात घेऊन हिसका देऊन पाहिलं आणि रंजनाच्या हातात दिलं. जीप रिकामीच भिंतीकडे गेली.

दुपारी वारा समोरून सुटला. दहा हात पुढे गेलं की चार हात मागे. हाताला फोड आले, ते फुटले. रंजना सगळ्यांत पुढे बसून डोळे मिटून वल्हं मारत होती आणि मोठ्यानं आकडे म्हणत होती. त्या आवाजावर दोन्ही होड्या चालल्या होत्या.

भिंत जवळ आली तेव्हा सूर्य डोंगरावर टेकला होता. काठावर मोरे सर उभे. जीभ माझी पुन्हा वळवळली, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात पुढून रंजना ओरडली, "बसून!"

आठही जणींनी बसल्या जागी वल्ही सरळ उभी धरली. रंजनाचं सुतळीचं वल्हंही त्यांत होतं. सरांनी होड्यांवरून नजर फिरवत आठ मोजल्या आणि मग सलाम केला. आमच्या आधी, त्यांनी! मला रडू फुटलं आणि ते मी लपवलं नाही.

रात्री ट्रक नाशिकला पोचेपर्यंत आम्ही एकमेकींच्या खांद्यांवर झोपलो होतो. त्या चहावाल्या काकांना द्यायचं उत्तर मला अजूनही एका वाक्यात सांगता येत नाही, पण आयुष्यात पुढे जेव्हा जेव्हा "तुला जमणार नाही" असं ऐकलं, तेव्हा मला ती सुतळीची गाठ आठवली.

पुढच्या वर्षी मुलींच्या दोन तुकड्या गेल्या. निघण्याआधी मोरे सरांनी स्वतः त्यांना होडीत बसून सलामी द्यायला शिकवली. "सर, हे तुम्ही कुठे शिकलात?" एकीनं विचारलं.

सर म्हणाले, "बुडून वर आलेल्या मुलींकडून."