विषयात न बसलेला खुलासा

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्यासोबत तीस वर्षं एका टेबलावर चहा प्यालो त्यांच्यापाशीही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

धाराशिवातल्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी मालकांच्या मुलीनं बोलावून घेतलं. जुन्या अंकांच्या बांधलेल्या फायली स्कॅन करून त्यांची विषयवार ई-बुकं करायची होती — जत्रा, आठवडी बाजार, शाळा, पाणी. मोबाइलवर कुणालाही फुकट वाचता येतील अशी. निवड माझ्याकडे. काका, तुमच्याइतकं कुणाला आठवतंय, असं ती म्हणाली आणि मी फुगलो. खोटं कशाला बोलू, चांगलाच फुगलो.

काम साधं होतं. स्कॅनिंगला रेश्मा होती, दोन लेकरांची आई, हाताला वेगवान. ती पान पडद्यावर आणायची, मी बातमी वाचून विषय सांगायचो, ती त्या फोल्डरात टाकायची. कशातच न बसणारं मागं राहायचं. वाढदिवस, शोकसभा, हरवले-सापडले — पेपरात असलं पुष्कळ असतं. मागं राहिलेलं पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी ते ठाऊक नसल्यासारखा वागलो.

पाण्याचं पुस्तक सगळ्यात चांगलं झालं. आणि त्यातली गाजलेली बातमी — माझी.

मुरुमच्या बाजूच्या एका गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. तीन वर्षांची एक मुलगी गेली होती. गावाला पाणी सोडायचं आणि टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, हे काम शरणाप्पा नावाच्या माणसाकडं होतं. त्यांनी पावडर टाकलीच नाही, झोपून राहिले, असं मी लिहिलं. 'पाणीवाला झोपला, गाव आजारी पडलं' — मथळाही माझाच. पत्रकारांच्या कार्यक्रमात त्यावर शाल मिळाली. नव्या पोरांना मथळा कसा असावा ते शिकवताना मी तोच सांगायचो.

मी त्या गावात गेलो होतो का? नाही. सरपंच फोनवर जे बोलले ते मी उतरवून घेतलं. शरणाप्पांना विचारायला कितीसा वेळ लागला असता? त्यांच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता, नंबर आमच्या मुरुमच्या वार्ताहराकडं होता. मी मागितला नाही. विचारलं असतं तर मथळा गेला असता — हे तेव्हा कळत होतं का? कळत होतं.

पुढं तपासणीत निघालं, की गटारीतून नेलेली पाइपलाइन फुटली होती. पावडर रोजच्यासारखीच टाकलेली होती. शरणाप्पा ऑफिसात आले, संपादकांना भेटले, आणि आम्ही आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. त्यांचं काम गेलं ते गेलंच. पण त्या खुलाशाचं कात्रण खिशात घालून ते त्या गेलेल्या मुलीच्या घरी गेले, तिच्या आजोबांना वाचून दाखवलं, आणि तेव्हा कुठं गावात त्यांच्याशी लोक बोलायला लागले. हे मला वार्ताहरानंच सांगितलं होतं. म्हणजे त्या चार ओळींची किंमत मला माहीत नव्हती, असंही म्हणता येत नाही.

खुलाशाचं पान पडद्यावर आलं तेव्हा रेश्मा थांबली. म्हणाली, "सर, हे बी पाण्याचंच हाय की. त्या बातमीखाली टाकू का?"

"नको," मी म्हणालो. "विषयात बसत न्हाय."

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुढचं पान काढलं. मी तरी काय करणार होतो? — असं लिहून गेलो बघा. करण्यासारखं होतं की. खुलासा खाली घालायचा, नाहीतर बातमीच काढायची. पण खुलासा घातला असता तर बातमी खोटी ठरली असती, आणि बातमी काढली असती तर त्या पुस्तकात माझं म्हणून काय उरलं असतं?

पुस्तक निघून तीन महिने झाले असतील. एका दुपारी शरणाप्पा ऑफिसात आले. आता म्हातारे झालेत, जिना चढून धाप लागली होती. त्यांच्या नातवाच्या शाळेत ते पुस्तक मोठ्या पडद्यावर दाखवलं होतं. त्या दिवसापासून पोरं त्याला 'झोपलेल्याचा नातू' म्हणत होती, आणि तो शाळेत जाईना. आजोबांशीही बोलेना. हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"साहेब, तुमी दुसरं बी छापलं व्हतं की," ते म्हणाले. "माझ्याजवळचं कात्रण विरून गेलं. ते यात घाला, न्हायतर मला एक काढून द्या. पोराला दाखवतो."

रेश्मा त्या दिवशी रजेवर होती. ती असती तर पुढचं माझ्या तोंडून निघालं नसतं. मी म्हणालो, "मामा, त्या फायलीला वाळवी लागली. ते पान राहिलंच न्हाय."

पान माझ्या समोरच्याच कॉम्प्युटरमध्ये होतं.

बातमी तेवढी शाबूत आणि खुलासा तेवढा वाळवीनं खाल्ला, हे त्यांना खरं वाटलं. निदान त्यांनी तसं दाखवलं. "व्हय का," म्हणाले, "मग तुमी तरी काय करणार." मी चहा मागवला. त्यांनी तो प्याला, हात जोडले आणि मुरुमच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले. जिन्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. का गेलो? चांगुलपणा दाखवायला? माझं मलाच किळसवाणं वाटतं ते.

याला सात महिने झाले. पान मी मघाशी उघडून पाहिलं, एक अक्षरही पुसट झालेलं नाही. पुस्तकात घालायला दहा मिनिटं लागतील. मी घातलेलं नाही.

पुस्तकातल्या त्या बातमीत शरणाप्पांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव सगळं आहे. आज, आत्ता, कुणालाही वाचता येतं. इथं मी माझं नाव लिहिलेलं नाही.