कडुनिंबावरचा डबा

आमच्या तांड्यावरच्या कडुनिंबाला वायफायचा डबा आणि सोलर प्लेट नेटवाल्या भाऊनंच बसवली. तो चपला काढूनच झाडावर चढतो आणि वर नट-बोल्टांशी बोलत बसतो.

पहिल्या दिवशी काम आटोपून त्यानं चहा हातात घेतला. माझ्या आईला ऐकू येत नाही. दिग्रसच्या मावशीशी ती व्हिडिओ कॉलवर हातांच्या खुणांनी बोलत होती. चित्र मधेच अडकत होतं.

मी म्हटलं, "चालते भाऊ, एवढं."

"आवाज तुटला तं अंदाज लागते. हात तुटले तं कसं समजन?"

चहा तसाच ठेवून तो परत चढला, त्यानं डब्याचं तोंड फिरवलं.

अजूनही तो दुरुस्तीला येतो. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. आईनं मात्र त्याला खुणेचं एक ठेवलंय: मनगटावरून वर चढत जाणारी दोन बोटं.